चौकटीचा नारळ

ट्रेडल हे छपाईचं यंत्र. दिसायला ते फार मोठं नसतं, उभ्या माणसाच्या छातीला लागेल एवढं. पण सगळं बिडाचं. बसलेला बैल शेपटी पिळून उठवता येतो, ट्रेडल बसलं की बसलं. असं एक जुनं ट्रेडल चंद्रभाननं नांदेडहून विकत घेतलं, ट्रकमध्ये घालून गंगाखेडला आणलं, हमालांनी ते गोल लाकडांवरून ढकलत दुकानाच्या दारापर्यंत नेलं, आणि तिथं सगळ्यांच्या ध्यानात आलं की दार अरुंद आहे.

दुकान म्हणजे तेव्हा दुकान नव्हतंच. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर दिनकररावांची सरकीची पोती ठेवायची खोली होती. दिनकररावांची शेती गंगेकाठी, म्हणजे गोदावरीकाठी, ऊस भरपूर, गावात शब्दाला वजन. चंद्रभान परभणीच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचा. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं; एकेक वेचून ओळ लावायची. दुसऱ्याचे खिळे जुळवता जुळवता चाळिशी आली, तेव्हा त्यानं ठरवलं की आता स्वतःचा छापखाना काढायचा. दिनकररावांनी खोली किरायानं दिली. कागद काही झाला नाही. "शब्द हाय ना," ते म्हणाले, आणि चंद्रभानलाही तेच बरं वाटलं.

मशीन रस्त्यात उभं आहे हे कळल्यावर दिनकरराव पाहायला आले. मशीनला एक फेरी मारली, दाराकडं पाहिलं.

"मोजलं न्हवतं का?"

"मशीन मोजलं मालक. खोली मोजली. दार मोजायचं राहिलं."

"म्हणजे नवरी पाह्यली, मांडव घातला, अन् हत्तीवरून वरात काढून येशीची कमान मोजली न्हाई."

हमाल हसले. चंद्रभानही हसला, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मग तो म्हणाला, "दाराच्या बाजूची भीत फोडावी लागती. रुंद चौकट बसवावी लागती. खर्च सगळा माझा."

"फोडा की. सोन्याची हाय का भीत?"

गवंड्यानं भिंत फोडली, मशीन आत गेलं. नागनाथ सुतारानं सागाची दोन फळ्यांच्या दाराची चौकट केली. आपल्याकडं चौकट नुसती बसवत नाहीत, आधी पुजतात. म्हणून चंद्रभानच्या बायकोनं, गीताबाईनं, हळदकुंकू, नारळ, सुताराच्या आहेराचे टॉवेल-टोपी असं सगळं ताटात मांडून ठेवलं. चंद्रभान पाटावर बसणार, तेवढ्यात दिनकरराव आले. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला नवा पटका.

"थांबा चंद्रभान. हे काम तुमचं न्हाई."

ते पाटावर बसले. त्यांनी चौकटीला कुंकू लावलं, पिवळ्या फडक्यात हळकुंड-सुपारी बांधून वरच्या लाकडाला अडकवली, उंबऱ्यावर नारळ फोडला, नागनाथच्या डोक्यावर टोपी घातली आणि खांद्यावर टॉवेल टाकला. मग खोबऱ्याचा तुकडा चंद्रभानच्या हातावर ठेवून म्हणाले, "घ्या परसाद. चांगला चालू द्या धंदा."

हे साल एकोणऐंशीचं. पुढं कितीतरी दिवस गीताबाईच्या मनातून ती गोष्ट गेली नाही. भाकरी थापताना मधेच तिला आठवायचं.

"चौकट आपली, नारळ आपला, टोपी आपली. अन् परसाद मातर आपल्याला त्यांनी दिला."

"अगं, मोठा माणूस हाय. बसला पाटावर."

"पाटबी आपलाच व्हता."

चंद्रभान हसून सोडून द्यायचा. पोखर्णीच्या नरसिंहाचं नाव त्यानं छापखान्याला दिलं होतं आणि धंदा खरोखरच चांगला चालू लागला. उन्हाळ्यात लग्नपत्रिका, एरवी पावतीपुस्तकं, शाळांचे पेपर, दुकानांच्या जाहिराती. त्या वर्षांत नामांतराची पत्रकंही पुष्कळ निघायची. विद्यापीठाचं नाव बदललंच पाहिजे म्हणणारे सकाळी यायचे, बदलता कामा नये म्हणणारे दुपारी. चंद्रभानचा नियम दोघांना एकच होता: पत्रकाच्या खाली छापखान्याचं नाव घालणार, कारण कायदा तसं सांगतो. ज्याला नको असेल त्यानं दुसरीकडं छापावं.

जसे पैसे हाती आले तशी त्यानं खोली सुधारली. मशीन हादरायचं म्हणून खाली सिमेंटचा पाया घातला. मातीच्या भुईवर शहाबादी फरशी आली. खिळ्यांचे खण ठेवायला लाकडी घोडे केले, कागदाचे रॅक केले, आपल्या नावावर विजेचं मीटर घेतलं, छताचे पत्रे बदलले. दर वेळी तो दिनकररावांना सांगायचा आणि दर वेळी ते म्हणायचे, "करा की, मला काय विचारता?" पावत्या काही त्यानं जपून ठेवल्या नाहीत. दुसऱ्यांची पावतीपुस्तकं छापणारा माणूस, त्याला स्वतःच्या पावत्यांचं अगत्य नव्हतं.

सात वर्षांनी रस्ता रुंद झाला, डांबर पडलं, आणि एका बँकेचे साहेब शाखेसाठी जागा शोधत आले. त्यांना चंद्रभानचीच जागा आवडली. फरशी आहे, वीज आहे, दार तर असं की तिजोरी सरळ आत जाईल. देऊ केलेला किराया ऐकून दिनकररावांना रात्रभर झोप आली नाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी ते छापखान्यात येऊन बसले. चहा झाला.

"चंद्रभान, दिवाळीपत्तोर जागा मोकळी करून द्या."

चंद्रभानच्या हातातला खिळा तसाच राहिला. "अन् मी जाऊ कुठं मालक?"

"गाव काय लहान हाय का?"

"गाव मोठं हाय. पण दुसरीकडं पुन्हा पाया, पुन्हा फरशी, पुन्हा लाईट. हितं इतकी वर्षं घातलं ते?"

"ते तुमी तुमच्या सोयीसाठी घातलं. मी म्हणलो व्हतो का घाला म्हणून?"

चंद्रभाननं खिळा खणात ठेवला. त्यानं जागा सोडायला नकार दिला. पुढच्या महिन्यात दिनकररावांनी किराया घेतला नाही, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात परभणीच्या भाडे नियंत्रकांच्या कचेरीतून कागद आला. भाडेकरूनं मालकाच्या परवानगीशिवाय भिंत फोडली, त्यामुळं इमारत कमजोर झाली, म्हणून त्याला जागेबाहेर काढावं असा दिनकररावांचा अर्ज होता. सोबत एका इंजिनियरचा दाखला होता की भिंतीला तडा आहे.

तारीख लग्नसराईच्या तोंडावर येणार हे उघड होतं. जागा गेली तर पत्रिकांचं गिऱ्हाईक परभणीला जाणार, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. नव्या जागेत पुन्हा पाया-फरशी करायला हातात काही नव्हतं. चंद्रभानला सरळ दिसत होतं: जागा गेली तर छापखाना गेला, आणि आपण पुन्हा दुसऱ्याचे खिळे जुळवायला.

दत्तोपंत वकील परभणीला राहायचे. वयानं मोठे, बोलायला सावकाश. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो भलताच होता.

"ह्या महिन्याचा किराया दिलास का?"

"घेईनात की ते."

"घेईनात म्हणून ठेवून घ्यायचा नाही. आजच मनिऑर्डर कर. परत आली तर पुढच्या महिन्यात पुन्हा कर. किराया थकवला एवढं एकच कारण त्यांना पुरेल, ते आपण त्यांच्या हातात कशाला द्यायचं?"

चंद्रभाननं मान हलवली.

"आता नीट ऐक. मालकानं नुसतं निघ म्हटलं म्हणून निघावं लागत नाही. आपल्या मराठवाड्यात अजून हैदराबादच्या वेळचा घरभाड्याचा कायदा चालू आहे. त्यात कारणं सांगितलीत. किराया थकला, जागा परस्पर दुसऱ्याला दिली, जागेची नासधूस केली, अशी. त्यातलं नासधुशीचं कारण त्यांनी धरलंय."

"नासधूस? अहो, सरकीच्या खोलीचा मी छापखाना केला."

"ते मला दिसतं. बँकेलापण दिसलं. पण बँकेचा साहेब साक्षीला येणार नाही, आणि भिंत तर तू फोडलीस."

"मग जे घातलं ते सगळं गेलं म्हणायचं?"

दत्तोपंतांनी वर बोट केलं. "तो पंखा दिसतो? तो माझा. मीपण इथं किरायेदारच आहे. ह्या पुस्तकांच्या फळ्या माझ्या, भिंतीत ठोकल्यात तरी माझ्या. कब्जा माझ्याकडं आहे तोवर मी लावलेलं मी काढून नेऊ शकतो. मात्र जागा जशी घेतली तशी मालकाच्या हवाली करायची. फळी काढली तर भोकं बुजवून द्यायची. हा हिशोब सोपा आहे."

"अन् फरशी?"

"उचलता येते. पण फुटक्या फरशीचं तू करणार काय? म्हणून खर्च करण्याआधीच विचार करायचा असतो की ह्यातलं उद्या बरोबर नेता येईल काय, आणि मागं राहील काय. मागं राहणाऱ्याचं मालकाशी आधी बोलायचं. आणि बोलून झालं की लिहून घ्यायचं. तू खिळेवाला ना? मग लाकडात खिळा मारण्याआधी कागदावर खिळे उमटवायचे."

शाळेत पाटी कोरी दाखवल्यासारखं चंद्रभानला झालं.

"असू दे," दत्तोपंत म्हणाले. "सगळेच विसरतात. आता एकच सांग. भिंत फोडायला मालकाची इजाजत होती, हे दाखवायला काय आहे?"

"तोंडी व्हती. फोडा म्हणले."

"कोणासमोर?"

"हमाल व्हते. कुठले कोण, कसे सापडणार? गवंडी तर मेला."

"सुतार?"

"नागनाथ. हाय की. पण तो त्यांच्या घरचा सुतार. बापापासून त्यांच्या खळ्यावरून धान्य नेतो. त्याला मालकासमोर उभं केलं तर त्यानं खायचं काय? मी त्याला न्हाई बोलवणार."

दत्तोपंतांनी कागदावर लिहिलेलं नाव खोडलं. "बरं. नको बोलावू. अजून काही आठवलं तर ये. अगदी फालतू वाटलं तरी सांग. फालतू काय अन् कामाचं काय, ते मी ठरवीन."

घरी आल्यावर चंद्रभान हिशेब मांडून बसला. हिशेब म्हणजे काढायचं काय आणि सोडायचं काय. गीताबाई ज्वारी निवडत होती.

"घोडे निघतेत. रॅक निघतेत. मीटर आपल्या नावचं हाय, ते निघतं. मशीनबी निघंल. पाया ऱ्हाईल, फरशी ऱ्हाईल," तो म्हणाला. "चौकट काढावी म्हणलं तर पुन्हा भीत बांधून द्यावी लागती."

"चौकट कशाला काढायलात? ती कुठं आपली हाय?"

"मग कोणाची? साग मी आणला."

"साग तुमी आणला, अन् नारळ?"

"नारळबी आपला."

"फोडला कोणी?"

"झालं. निघाली तुझी नारळाची गाडी."

"निघंलच. भर रस्त्यात, चार माणसांत, ‘हे काम तुमचं न्हाई’ म्हणून पाटावर बसू दिलं न्हाई. ज्यानं पुजली त्याची चौकट. माझ्या माहेरी बोरीला शेंबडं पोरगंबी सांगंल. मालकानं नारळ फोडल्याबगर सुतार पाचर ठोकत न्हाई. अन् आता म्हणायलेत, मला न विचारता फोडली. तवा काय झोपेत टोपी घातली का नागनाथला?"

ज्वारीतला खडा तिनं बाजूला टाकला आणि पुढची मूठ घेतली. ती नेहमीचंच बोलत होती. सात वर्षं हेच बोलत आली होती. चंद्रभान मात्र तिच्याकडं पाहतच राहिला.

"काय झालं?" ती म्हणाली.

"पुन्हा म्हण."

"काय?"

"शेवटचं. टोपीचं."

सकाळच्या गाडीनं तो परभणीला गेला. दत्तोपंतांनी ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"ते देवाधर्माचं, साहेब. कचेरीत काय सांगावं?"

"आणि बायकोला राग कशाचा आहे?"

"मान त्यांनी घेतला म्हणून."

"तिला म्हणावं, सात वर्षं राग धरून ठेवलास ते लय चांगलं केलंस. कागद असता तर हरवला असता."

पहिली पेशी, म्हणजे सुनावणी, झालीच नाही. नामांतराच्या आंदोलनाचा बंद होता, एसटी उभी, कचेरीत साहेब नाहीत. दुसऱ्या पेशीला सगळे हजर होते. भाडे नियंत्रक साहेब कोकणातले, मराठवाड्यात नवीनच आलेले. दिनकरराव चौकटीच्या पूजेच्या दिवशीचाच पटका बांधून आले होते. चंद्रभाननं त्यांना सवयीनं रामराम घातला, त्यांनीही सवयीनं घेतला. मग दोघांनीही दुसरीकडं पाहिलं.

दिनकररावांच्या वकिलांनी दाखला दाखवला, भिंतीचा फोटो दाखवला, परवानगीचा कागद नाही हेही दाखवलं. मग दत्तोपंत उठले. दिनकरराव समोर उभे होते. दत्तोपंतांनी आधी शेतीपाण्याचं विचारावं तसं सहज विचारलं, "ही जागा तुमच्या वडिलांनी बांधलेली?"

"आज्यानं. बापानं वाढवली."

"म्हणजे तुमच्या घराण्याची वास्तू."

"व्हय."

"जुनी चौकट तुमच्या आजोबांनी पुजलेली असेल."

"त्यांनीच."

"आणि ही नवी? ही ह्या चंद्रभाननं पुजली?"

दिनकररावांचा चेहरा एकदम बदलला. "ह्यानं? ह्यानं काहून पुजावी? वास्तू माझी हाय. किरायेदारानं चौकट पुजली तर वास्तू त्याला मालक म्हणंल का मला?"

"मग कोणी पुजली?"

त्यांचे वकील उठू लागले. पण दिनकररावांचं लक्ष तिकडं नव्हतं. सगळ्या गावासमोर आपल्या आज्याची वास्तू दुसऱ्याच्या नावावर होत असल्यासारखे ते उभे होते.

"मी पुजली. नारळ मी फोडला. नागनाथला टोपी मी घातली. गंगाखेडात कोणालाबी विचारा."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "हे नारळ, टोपी मला जरा समजावून सांगा. आमच्याकडे थोडं वेगळं असतं."

दिनकरराव त्यांच्याकडं वळले आणि पोराला समजावावं तसं सांगू लागले. "त्याचं असं हाय साहेब. चौकट म्हणजे घराचं तोंड. ती बसवायच्या आधी मालकानं पुजायची. मालकानं नारळ फोडला, सुताराला आहेर केला, की मग सुतार पाचर ठोकतो. त्याच्याबगर न्हाई ठोकत. कितीबी पैसे द्या."

"म्हणजे तुम्ही नारळ फोडला नसता, तर ही चौकट बसलीच नसती?"

"बसलीच नसती," दिनकरराव म्हणाले.

कारकुनानं ते वाक्य टाइप केलं. आपण काय बोललो ते दिनकररावांच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांचे वकील घाईनं पुढं झाले. "साहेब, माझ्या अशिलांना असं म्हणायचं नव्हतं. पूजा हा धार्मिक भाग झाला, त्याला परवानगी…"

"वकीलसाहेब, ऱ्हाऊ द्या," दिनकरराव म्हणाले. "जे म्हणायचं ते म्हणून झालं."

चंद्रभाननं मान वर केली नाही. आपण जिंकतो आहोत हे त्याला कळत होतं. पण समोरच्या माणसाला एक शब्द खोटा बोलून सुटता आलं असतं, "मला आठवत न्हाई" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, हेही त्याला कळत होतं.

गंगाखेडला परत जायची गाडी एकच. डबाही एकच निघाला, आणि जागा समोरासमोर. पोखर्णीचं स्टेशन आलं. तिथं गाडी थांबली तशी दोघांनीही खिडकीतून देवळाच्या दिशेला हात जोडले. हात खाली आल्यावर दिनकरराव म्हणाले,

"तुमच्या छापखान्याला ह्याचंच नाव हाय ना?"

"व्हय मालक."

"हा देव घरातबी न्हाई अन् भाईरबी न्हाई. उंबऱ्यावर बसून न्याय करतो. चौकटीचं खोटं बोलून ह्याच्या वाटंवरून कसं जावं माणसानं?" मग म्हणाले, "बँक गेली आता."

"बँकेएवढा किराया मला जमणार न्हाई मालक. पण किराया वाढवून द्यायला मी कवाच न्हाई म्हणलो नव्हतो. तुमी वाढवा म्हणलेच न्हाईत, निघा म्हणलात."

दिनकररावांनी शेंगांची पुडी घेतली ती दोघांच्या मधे ठेवली.

निकाल काही आठवड्यांनी आला. चौकट मालकाच्या संमतीनं बसली, सबब भाडेकरूनं नासधूस केली असं म्हणता येत नाही, अर्ज नामंजूर. दत्तोपंतांनी कागद चंद्रभानच्या हातात दिला आणि त्याचा आनंद थोडा ओसरू दिला.

"आता दुसरी बाजू ऐक. तू सुटलास तो त्यांच्या नारळावर. मग चौकट कोणाची झाली?"

"त्यांची."

"बरोबर. उद्या तू आपखुशीनं जागा सोडलीस तर मशीन ने, घोडे ने, मीटर ने. चौकटीला हात लावायचा नाही. नारळाचा फायदा घेतला, तर नारळाचा तोटापण घ्यायचा."

"साग माझा व्हता, साहेब."

"होता. म्हणून म्हणतो, पुढच्या वेळी आधी कागद."

घरी आल्यावर गीताबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, "मी काय म्हणत व्हते? त्यांचीच हाय ती."

दसरा आला. दर दसऱ्याला गीताबाई झेंडूचं तोरण करून छापखान्याच्या चौकटीला बांधायची. त्या वर्षी तिनं मशीनला हार केला, खिळ्यांच्या खणांना फुलं ठेवली, आणि चौकट तशीच ठेवली.

"तोरण?" चंद्रभाननं विचारलं.

"आपण काहून बांधायचं? ज्याची चौकट त्यानं बांधावं."

"सणाच्या दिवशी दार मोकळं ठेवतीस का?"

"साहेबानं लिहून दिलंय ना?"

दोघांचं हे चालू असतानाच रस्त्यावरून दिनकरराव येताना दिसले. हातात पिशवी, पिशवीत झेंडू आणि आंब्याची पानं. त्यांच्या घरून धुरपताबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, तोरण ओवून दिलं होतं. ते उंबऱ्याशी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "एक स्टूल द्या."

चंद्रभाननं स्टूल दिलं आणि धरून उभा राहिला. दिनकररावांनी तोरण बांधलं. वर चढल्यावर त्यांनी चौकटीवरून हात फिरवला, बोटाला लागलेली भुकटी पाहिली.

"किडा लागायलाय हिला. तेल लावीत न्हाईत का?"

"मागं लावत व्हतो."

"मग थांबवलं काहून?"

"आता तुमची झाली म्हणून."

दिनकरराव स्टुलावरून उतरले. गीताबाई आत मशीनपाशी होती, पण तिचे कान बाहेर होते.

"मालकी माझी, पण ये-जा कोणाची असती हिच्यातून रोज?"

"माझी."

"मग तेल किरायेदाराचं. चौकट मोडली तर नवी मालकाची. असं असतं."

चंद्रभाननं विचार केला. दत्तोपंतही बहुधा असंच म्हणाले असते. "चालंल. अन् मालक, एक विचारायचं व्हतं. कागद ठेवायला वर माळा करायचाय. खर्च माझा. जाताना काढून नेईन, भोकं बुजवून देईन."

"करा की, मला काय…" दिनकररावांची जीभ सवयीनं निघाली होती, ती मधेच थांबली. चंद्रभाननं गल्ल्याखालून छापील कागद काढला. वाढवलेला किराया, माळ्याची परवानगी, काय न्यायचं, काय ठेवायचं, सगळं स्वतःच्या खिळ्यांनी जुळवलेलं. खाली नियमाप्रमाणं छापखान्याचं नाव.

दिनकररावांनी कागद लांब धरून सावकाश वाचला. "आता खिळा मारायलाबी कागद?"

"तुमच्यामुळंच शिकलो."

"लय महाग शाळा पडली," ते म्हणाले. "दोघांलाबी." मग कागदावर बोट ठेवलं. "ह्याच्यात तेलाचं न्हाई."

"घालतो."

चंद्रभाननं मशीनवरचा हार बाजूला सरकवला, खण ओढला आणि तेलाची ओळ जुळवायला घेतली. दिनकरराव स्टुलावर बसून वाट पाहत राहिले. गीताबाईनं चहा ठेवला, आणि कपाच्या शेजारी, बशीत, मशीनच्या पूजेच्या नारळाचा तुकडा ठेवून ती बाहेर आली.

"घ्या परसाद," ती म्हणाली. "हा आमच्या हातचा हाय."